मदत हवी आहे: नव्या आभासी दुनियेत दुकान हलवू का? रविवारच्या आत सांगा

नथवाली:
मंडळी, घाई आहे, रविवारी रात्री मुदत संपतेय. नवीन आभासी दुनिया येतेय आणि जो तो म्हणतोय, आता जुन्यांचं काही खरं नाही. आधी येणाऱ्यांना जागा स्वस्तात आहे. माझ्या साड्या तिकडे चालतील का? त्यात नऊवारी फाटतेय. पैसे भरू की नको, एवढंच सांगा.

खटपट्या:
कुठली दुनिया? कसल्या साड्या? फाटतेय म्हणजे?

नथवाली:
अहो, अवतारांच्या, म्हणजे पडद्यावरच्या बाहुल्यांच्या साड्या! सहा वर्षं सेकंड लाइफ नावाच्या आभासी दुनियेत विकतेय. अवतार चालायला लागला की कासोट्यातून मांडी बाहेर येते.

जुना रहिवासी:
ताई, मी २००७ पासून तिथे आहे. 'सेकंड लाइफ संपलं' हे दर दोन वर्षांनी ऐकतो. गूगलचं लाइव्हली जुलै २००८ मध्ये आलं आणि त्याच ३१ डिसेंबरला बंद पडलं. सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडेन लॅबने स्वतःच सॅन्सार ही नवी दुनिया काढली, २०२० मध्ये विकली. सेकंड लाइफ उभं करणाऱ्या फिलिप रोजडेलने २०१३ मध्ये हाय फिडेलिटी काढली, तिचीही दुनिया २०२० च्या जानेवारीत मिटली. मायक्रोसॉफ्टने अल्टस्पेस मार्च २०२३ मध्ये गुंडाळलं. २००३ चं आमचं म्हातारं मात्र अजून चालतंय.

ठोकळेबाज:
काका, चालतंय, पण काठी टेकत. ताई, रोब्लॉक्स या गेमांच्या दुनियेत या, पोरं तिथे आहेत.

जुना रहिवासी:
तिथल्या ठोकळ्यासारख्या अवतारांना नऊवारी नेसवणार? पदर कुठे खोचणार?

ठोकळेबाज:
कधी उघडून बघितलंय का? अंगावर थर चढवायचे कपडे कधीच आलेत तिथे. पैसे काढायला मात्र कमावलेले किमान ३०,००० रोबक्स, म्हणजे तिथली नाणी, लागतात.

करसल्लागार नाही:
जागा क्रिप्टो टोकनवर विकताहेत का? तसं असेल तर विकताना नफ्यावर सरळ ३० टक्के कर, एप्रिल २०२२ पासून. एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

नथवाली:
मला जागा विकायची नाहीये हो, साड्या विकायच्यात!

आल्याचा चहा:
हेडसेट घालून मळमळत असेल तर आल्याचा तुकडा चघळा. पंखा समोर ठेवा, मला फरक पडला.

खटपट्या:
हेडसेटचा विषय कुणी काढला? ताई, नाव सांगा ना त्या दुनियेचं.

नथवाली:
नाव सांगितलं की तुम्हीच स्वस्तातल्या जागा उचलाल.

हाडांचा डॉक्टर:
मुद्द्यावर येऊ. साडी नेसवायची म्हणजे तिच्या प्रत्येक बिंदूला अवतारातली हाडं ठरवून द्यायची, कुठलं हाड किती ओढणार तेही, त्यालाच वजन म्हणतात. कासोट्याला दोन्ही मांड्यांची हाडं वेगवेगळीकडे ओढतात, म्हणून फाटते. तिथली वजनं हळूहळू उतरती रंगवा आणि साडीखालचा पाय अल्फाने, म्हणजे पारदर्शक करून, लपवा. पण सेकंड लाइफचा सांगाडा दुसरीकडे मिळेलच असं नाही. २०१६ मध्ये बेन्टो, म्हणजे तिथला वाढवलेला सांगाडा, आलं तेव्हा बोटांना, चेहऱ्यालाही हाडं मिळाली. नव्या ठिकाणी ती आहेत का? नमुना अवतार दिलाय? आणि साडी ज्यात बनवली त्या ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरची मूळ फाइल आहे ना तुमच्याकडे?

नथवाली:
मूळ फाइल जुन्या लॅपटॉपबरोबर गेली. सेकंड लाइफवर चढवताना वापरलेली डीएई फाइल आहे.

हाडांचा डॉक्टर:
हे आधी सांगायचं! ब्लेंडर ५.० डीएई उघडत नाही, कोलाडा, म्हणजे डीएई फाइलचा प्रकारच, त्यातून काढून टाकलाय. ४.५ टाका, त्यात उघडून लगेच ब्लेंड फाइल करून ठेवा. आणखी एक, काठाची नक्षी तुमची की विकत घेतलेली?

नथवाली:
पैठणीचे मोर विकत घेतलेत. का?

हाडांचा डॉक्टर:
परवाना वाचा. बरेच जण 'फक्त सेकंड लाइफमध्ये वापरा' या अटीवर विकतात.

नथवाली:
वाचला. तसंच लिहिलंय. 😣 त्या नव्या लोकांच्याही अटी आत्ताच वाचल्या. जागेचे पैसे परत नाहीत. नमुना अवतार 'लवकरच'.

हाडांचा डॉक्टर:
मग माप कुणाच्या अंगाचं घेणार? अवतार आला की बघा. आधी मोर स्वतः काढा.

नथवाली:
ठीक. पैसे भरत नाही. ४.५ उतरवतेय.

जुना रहिवासी:
शहाणपणा केलात. आता विषय निघालाच आहे तर, माझ्या अवताराला कोल्हापुरी फेटा हवाय. तुरा वाऱ्यावर हलणारा. सेकंड लाइफच्या पैशात किती लिंडेन?

ठोकळेबाज:
काकांना काठी पण द्या.