पैसा आला की पाणी येईल म्हणे!

बांधावरचा: काल इथं एकानं लिहिलं, 'श्रीमंत देशांनी हवामान निधी सोडला की मराठवाड्याचा पाणीप्रश्न मिटेल.' वाचून डोकं फिरलं. अहो, पैसा आलाय की! पोकरा, म्हणजे राज्याची हवामान अनुकूल शेतीची योजना, कशातून झाली? जागतिक बँकेचे ४२ कोटी डॉलर, २०१८ साली, १५ जिल्ह्यांसाठी. आमच्या गावात त्यातून शेततळी झाली. कागदोपत्री पावसाच्या पाण्यासाठी, भरली मात्र बोअरनं. जमिनीखालचं पाणी उपसायचं, ५०० मायक्रॉनच्या प्लास्टिकच्या कागदावर उघडं ठेवायचं आणि एप्रिल-मेच्या उन्हाला पाजायचं. शेजाऱ्याच्या तीन बोअर तळ्यात ओततात, माझी विहीर फेब्रुवारीत तळाला. आणि योजनेचं नाव काय, तर हवामान अनुकूल!

मोसंबीवाला: तो शेजारी मीच समजा. २०१२ च्या दुष्काळात निम्मी बाग कुऱ्हाडीनं तोडून सरपणाच्या भावानं विकलीय. दहा वर्षं जपलेली झाडं. शेततळं झाल्यापासून एक झाड गेलं नाही. बोअरनं भरतो, हो. पाऊस ऐन जुलैत दडी मारतो आणि सप्टेंबरात एका रात्रीत कोसळतो, त्याची वाट बघत बसू?

कोरडवाहू: दोघं भांडा, उसाचं नाव काढू नका. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायला पाणी आणलं, तेव्हाही जिल्ह्यात ऊस उभा होता. हाही हवामान बदलच का?

मोसंबीवाला: आला ऊस! विषय काय, बोलतो काय.

आडसाली: येणारच. सगळ्यांचा राग आमच्यावर. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता, माझं आडतीवर चार हजारालाही कुणी घेईना. उसाला निदान एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा ठरलेला किमान दर, आहे, तोड उशिरा का होईना येते. मुलीच्या लग्नाला सोयाबीन उभं राहिलं नाही, ऊस राहिला. सोयाबीनला भाव द्या, उद्या खोडवा, म्हणजे तोडीनंतर पुन्हा फुटलेला ऊस, मोडतो.

कोरडवाहू: ठिबक तरी करा मग. मोकाट पाणी सोडून रात्रभर झोपता.

आडसाली: रात्री वीज येते म्हणून रात्री सोडतो. झोपतो कुठं? बॅटरी घेऊन सापाच्या वाटेवर उभं राहून बघा एकदा.

डब्लिनकर: मूळ मुद्दा राहिला. २००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी कबूल केलं होतं, २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर. ते जमायला २०२२ उजाडलं, त्यातही बराच भाग कर्जाचा. बाकूच्या परिषदेत २०२४ मध्ये आकडा ३०० अब्जांवर गेला, तोही २०३५ पर्यंत. पोकराचे ४२ कोटीसुद्धा कर्जच. धूर त्यांचा, हप्ता आपला. ह्याला 'पैसा आला' म्हणू नका.

बांधावरचा: साहेब, तिकडं नळ सोडला की पाणी येतं, म्हणून हप्त्याचा हिशोब सुचतो. पण बरं, कर्जाचा मुद्दा घ्या तुमचा. माझ्या डोक्यात नव्हता. तरी अनुदान म्हणून फुकट आलं असतं, तरी तळंच खोदलं असतं ना? गावात बोअर किती, कुणाची किती खोल, हे कुणी मोजलं? कायदा २००९ चा आहे भूजलाचा. आमच्याकडं बोअरची गाडी रात्री येते, सकाळी जाते.

मोसंबीवाला: मोजा की. पहिली माझी मोजा. पण २०२५ च्या सप्टेंबरात ज्यांची माती वाहून गेली, त्यांना हा बोअरचा हिशोब सांगून बघा. माझ्या मेहुण्याच्या शेतात नुसता खडक उरलाय. तिथं तळंही नको आणि बोअरही नको, माती पाहिजे.

बांधावरचा: त्याला माझ्याकडं उत्तर नाही. पण माझी विहीर मात्र अजून कोरडीच.

मोसंबीवाला: माझ्या शिवारात असता तर तळ्यातून एक पाळी सोडली असती. मोटारीचं बिल तुमचं.