जुने दोस्त पुन्हा भेटतात अशी थरार कादंबरी: वाचनकट्ट्यासाठी कोणती घ्यावी?

वाचनकट्टा_घाटंजी:
नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात दर रविवारी संध्याकाळी वाचनालयात कट्टा भरतो. बारा-चौदा जण राहतात. सरळ इंग्रजी वाचणारे तिघेच, बाकीच्यांना मराठीतून सांगावं लागतं. पोळा ते दसरा असे सहा रविवार धरून चला. मग सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी लागली की कोणी फिरकत नाही.

यंदा विषय ठरला आहे जुन्या मित्रांची पुनर्भेट आणि त्यातून उघडं पडणारं गुपित. लुसी फोली यांच्या 'द हंटिंग पार्टी'चं नाव पुढे आलं आहे. ज्यांनी नीट वाचली आहे त्यांनी सांगावं: ऐकणाऱ्याला झेपेल का, कुठे अडेल, आणि हिच्यापेक्षा बरी दुसरी आहे का? शेवट कृपया फोडू नका.

रानपाखरू:
घ्या, पण तयारी करून घ्या. ऐकायला अवघड जाईल अशा तीन जागा आहेत.

पहिली माणसांची. ऑक्सफर्डपासूनची दोस्त मंडळी आणि त्यांचे जोडीदार मिळून नऊ मोठी माणसं, सोबत एक तान्हं लेकरू. नववर्षासाठी सगळे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात एका आडवळणाच्या इस्टेटीवर येतात. मिरांडा आणि केटीची दोस्ती तर त्याही आधीची, शाळेपासूनची. गोष्ट पाच जणांच्या बाजूने उलगडते: एमा, केटी, मिरांडा, इस्टेटीची व्यवस्थापक हेदर आणि रानाचा राखणदार डग. वाचताना डोळा मागे नेता येतो, ऐकताना नाही. म्हणून भिंतीवर मोठा कागद लावा आणि चार रकाने आखा: नाव, जोडीदार, गटात कधीपासून, आतापर्यंत काय लपवलं. चौथा रकाना कोरा सोडा, तो कट्ट्यावरच भरत जायचा.

दुसरी काळाची. एक धागा 2 जानेवारीचा, म्हणजे मृतदेह सापडल्यानंतरचा. दुसरा 30 डिसेंबरपासून पुढे सरकतो. प्रकरणाच्या डोक्यावर नाव आणि दिवस असतो, तो दर वेळी दोनदा वाचा. सांगणारा घाईत तो गाळतो आणि तिथूनच ऐकणाऱ्यांचा घोळ सुरू होतो.

तिसरी सगळ्यात नाजूक. मेलं कोण, हेच बराच वेळ कळू दिलेलं नाही. इंग्रजीत 'बॉडी' म्हटलं की बाई की पुरुष ते झाकलेलं राहतं. मराठीत सांगताना 'तो पडला होता' किंवा 'ती पडली होती' असं तोंडातून गेलं की निम्मं रहस्य तिथेच संपलं. 'मृतदेह' हा शब्द पक्का धरा. त्याचं क्रियापद पुल्लिंगी असलं तरी त्यावरून कोणी काही ओळखू शकत नाही. 'मयत' वापरला तर 'मयत इसम' किंवा 'मयत महिला' तोंडात यायची सवय असते, म्हणून तो टाळा.

पळसाचं_पान:
रानपाखरू यांनी लिंगाचा मुद्दा अचूक पकडला. त्याच्याच शेजारचा एक शब्द सांगतो: स्टॉकिंग. स्कॉटलंडमध्ये हरणाचा पायी माग काढत जाण्याला स्टॉकिंग म्हणतात, आणि एखाद्या बाईच्या पाळतीवर राहणाऱ्यालाही स्टॉकर म्हणतात. कादंबरीत दोन्ही आहेत आणि लेखिकेने तो शब्द विचार करूनच खेळवला आहे. एकीकडे 'शिकार' आणि दुसरीकडे 'पाठलाग' असं सांगितलं तर जोड तुटते. आपल्याकडे 'मागावर असणे' आहे. हरणाच्या मागावर, माणसाच्या मागावर. दोन्हीकडे तोच शब्द ठेवा, ऐकणाऱ्याच्या अंगावर आपोआप काटा येईल.

शिकारीवर प्रश्न येणारच, कारण आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे ती बंद आहे. तिकडे हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला हंगामात शिकार कायदेशीर आहे. लाल हरणाच्या मादीचा हंगाम 21 ऑक्टोबर ते 15 फेब्रुवारी. म्हणजे डिसेंबरअखेरीस बंदुका बाहेर असणं तिथे नेहमीचंच. डगला मात्र 'वनरक्षक' म्हणू नका. वनरक्षक सरकारी नोकर, हा खासगी इस्टेटीचा माणूस. राखणदार हेच बरोबर.

वर्धेकाठचा_वाचक:
उजेडाचं सांगायचं राहिलं. त्या भागात डिसेंबरअखेर सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीन-पावणेचारला मावळतो. आपला माणूस 'दुपारी चार' ऐकून ऊन धरून बसतो. मग कोणाला काय दिसलं, कोणाला दिसलं नाही, याचा हिशेब चुकतो. पहिल्याच बैठकीत हे सांगून टाका.

बर्फाचंही तेच. 'रस्ता बंद' म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे नाल्याचा पूर येतो. नाल्याचं पाणी बहुतेक वेळा काही तासांत उतरतं आणि एसटी सुरू होते. साचलेला बर्फ तसा उतरत नाही, वरून पडतच राहिला तर वाट दिवसेंदिवस बंद. पोलीस का पोचत नाहीत, हे यावरच टिकलेलं आहे.

कापूसबोंड:
भाऊ, माझं मत वेगळं आहे. पहिल्यांदाच असा प्रकार ऐकणाऱ्यांसाठी नऊ माणसं लय होतात. रूथ वेअर यांची 'इन अ डार्क, डार्क वुड' (2015) घ्या. सांगणारी एकटी नोरा. दहा वर्षं संबंध तुटलेल्या मैत्रिणीच्या लग्नाआधीच्या पार्टीचं बोलावणं येतं. नॉर्थम्बरलंडच्या जंगलात काचेचं घर, मेजवानीला मोजून सहा जण. मधेमधे नोरा दवाखान्यात, अंगावर जखमा आणि त्या रात्रीचं धड आठवत नाही. दोन काळ इथेही आहेत, पण आवाज एकच, म्हणून कान चुकत नाही.

काचेच्या घराचा उपयोग पाहा. रात्री आत दिवा लागला की बाहेरच्याला आतलं सगळं दिसतं आणि आतल्याला काचेत फक्त स्वतःचं तोंड दिसतं. कट्ट्यावर खिडकीची काच आणि एक बल्ब वापरून करून दाखवा, दोन पानांचं वर्णन वाचायला नको.

कमजोरी सांगतो. माणसं थोडी असल्याने सराईत वाचक आरोपी लवकर धरतो. आणि मूळ कारण जेव्हा कळतं, तेव्हा एवढ्याशासाठी एवढं, असं बऱ्याच जणांना वाटतं. शिवाय त्या पार्टीला हळदीचा कार्यक्रम म्हणून सांगू नका. ती फक्त नवरीच्या दोस्तांची असते, नातेवाईक नसतात. कोणी वडीलधारं नाही, म्हणूनच तिथे बोलणं घसरतं.

रानपाखरू:
कापूसबोंड भाऊ, सोपेपणाचं मान्य. पण या कट्ट्याचा विषय पुनर्भेट आहे. वेअरच्या गोष्टीत दोन मैत्रिणींमधलं जुनं प्रकरण आहे, फोलीच्या गोष्टीत अख्खा गट आहे: कोण पुढारी, कोण त्याच्या मागे, कोणाची थट्टा ठरलेली, कोणाला गप्प बसवायचं. कॉलेज सुटून वर्षं लोटली तरी भेटले की प्रत्येक जण जुन्या जागेवर जाऊन बसतो. त्यातच जोडीदार म्हणून नंतर आलेल्यांना अर्धे किस्से कळत नाहीत. ही मांडणी तिने फार बारकाईने केली आहे. दहावीच्या बॅचचे मेळावे गावोगाव होतात, ऐकणाऱ्याला हे लगेच ओळखीचं वाटेल. दोष एकच मोठा: शेवटी बरीच गुपितं एकदम सुटतात, एखाद-दुसरं नसतं तरी चाललं असतं. त्यामुळे शेवटच्या बैठकीला वेळ जास्त ठेवा.

तालुका_ग्रंथपाल:
वाटणी पानांवर करू नका, आवृत्तीप्रमाणे पानं बदलतात. दिवसांवर करा. पहिली बैठक माणसं, नकाशा आणि 30 डिसेंबरची सुरुवात. दुसरी, उरलेला 30. तिसरी आणि चौथी 31 डिसेंबर. पाचवी 1 जानेवारी. सहावी शेवट आणि चर्चा. 2 जानेवारीची प्रकरणं मधेमधे येतात, ती जिथे आहेत तिथेच वाचा. सगळी एकत्र करून आधी उरकली तर ताण मरतो.

तिघे इंग्रजीवाले आहेत, तर दोन प्रती लागतात: एक सांगणाऱ्याकडे, एक त्याला टोकणाऱ्याकडे. प्रकरण आधी घरी वाचून एका पानावर मुद्दे काढा. उभ्या उभ्या भाषांतर केलं की वाक्यं लांबतात. चौथ्या बैठकीच्या शेवटी प्रत्येकाकडून चिठ्ठी घ्या: मेलं कोण, मारलं कोणी, कशावरून. पाकीट चिकटवून कपाटात. आणि कोणी मराठी भाषांतर टाइप करून व्हॉट्सॲपवर टाकू नये, भाषांतराचा हक्क मूळ लेखिकेकडे असतो.

अगाथा ख्रिस्ती यांच्या 'अँड देन देअर वेअर नन' या 1939 च्या बेटावरच्या कादंबरीचं नाव कोणीतरी काढेलच. तिच्यातल्या दहा जणांपैकी नोकर नवरा-बायको सोडले तर बाकीचे एकमेकांना अनोळखी आहेत, म्हणून या विषयात ती बसत नाही.

वाचनकट्टा_घाटंजी:
सगळ्यांचे आभार. 'द हंटिंग पार्टी' घेतो, दोन प्रती. वाटणी दिवसांप्रमाणे, कागद भिंतीवर. एकच राहिलं: 'लॉख' शब्द वारंवार येतो, त्याला काय म्हणावं?

पळसाचं_पान:
तलाव म्हणा, पण आपली बोडी, म्हणजे गावचं छोटं तळं, डोळ्यापुढे येऊ देऊ नका. बहुतेक लॉख डोंगरांच्या मधल्या दरीत लांबट पसरलेले असतात, पाणी थंडगार आणि खोल. पाण्यात पडला तर पोहणारासुद्धा थंडीनेच गारठतो, हे सांगून ठेवा.