हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा खालून बघायचाय, पायथ्याच्या बेलपाड्याला राहायची सोय होते का?

भटकभवान्या: हरिश्चंद्रगड पाचनईकडून झालाय, कड्यावर पालथं पडून खाली डोकावलं पण कडा दिसतच नाही, नुसती दरी. यावेळी आईबाबा सोबत आहेत म्हणून चढाई नको.

रानवाट: होते की, गावात आधी फोन करून सांगायचं, जेवण घरगुती, तांदळाची भाकरी आणि भाजी. माळशेज घाट चढायच्या आधीच मोरोशीच्या पुढे आत वळा. सकाळी जाऊ नका हां, कडा पश्चिमेला तोंड करून आहे, चारनंतर ऊन पडलं की काळा कातळ तांबूस दिसतो आणि मधला आत गेलेला अर्धगोल नीट कळतो.

घाटवेडा: मे महिन्यात जात असाल तर पाण्याचे कॅन घेऊन जा, या वाड्यांना उन्हाळ्यात टंचाई असते, त्यांच्या हंड्यातलं आपण कशाला संपवायचं. आणि नळीच्या वाटेने, म्हणजे बेलपाड्यातून गडावर चढणाऱ्या अवघड घळीतून, जायचंच झालं तर गावातला वाटाड्या घ्या, पैशात घासाघीस करू नका राव.

भटकभवान्या: इंद्रवज्र, ते पूर्ण गोल इंद्रधनुष्य, खालून दिसेल?

घाटवेडा: नाही हो, ते वरूनच. सूर्य पाठीशी आणि दरीत धुकं लागतं. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याला दिसलं ते असंच, १८३५ला त्याने ते छापून प्रसिद्ध केलं.