११ मार्चसारखा ३ जुलै पण करायचा का? हंसाबेन मेहतांबद्दल

रावपुऱ्याची लेक
दरवर्षी ११ मार्चला आपल्या मंडळात सयाजीराव महाराजांची जयंती होते आणि ती व्हायलाच पाहिजे. पण ३ जुलैला हंसाबेन मेहतांचा जन्मदिवस असतो (१८९७ चा), तो पण बडोद्याच्या मराठी लोकांनी करावा असं मला मनापासून वाटतं. १९४९ ला बडोद्याची एम.एस. (महाराजा सयाजीराव) युनिव्हर्सिटी झाली तेव्हा त्या पहिल्या व्हीसी, म्हणजे कुलगुरू, मुलंमुली एकत्र शिकतात अशा युनिव्हर्सिटीला बाई व्हीसी देशात त्याआधी कुठेच नव्हती. फाइन आर्ट्स, होम सायन्स, सोशल वर्क सगळं त्यांच्या काळात उभं राहिलं. आपल्या घराघरातून कोणी ना कोणी तिथे शिकलंय, पण हंसाबेन म्हटलं की युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीवरची नावाची पाटी, बस. हारतुरे नकोत, त्या दिवशी मंडळानं एका मुलीची हॉस्टेल फी भरावी.

वाडीवाले काका
बेटा, भावना समजतात पण पाया कोणी घातला ते विसरू नको. १८९३ ला अमरेलीत सक्तीचं शिक्षण सुरू केलं महाराजांनी, १९०६ पर्यंत सगळ्या राज्यात, मुलींना सुद्धा. बडोदा कॉलेज त्यांच्याच काळातलं. हंसाबेन बडोदा संस्थानचे दिवाण मनुभाई मेहतांची मुलगी, त्यांना शिकायला कोण अडवणार होतं? आणि त्यांची आठवण ठेवायला गुजराती समाज आहे की.

रावपुऱ्याची लेक
काका, महाराजांमुळेच माझी आजी चौथी शिकली, ते मी कसं विसरेन, पण चौथीनंतर तिचं लग्नच झालं ना. चौथीच्या पुढचा रस्ता कोणीतरी करायलाच हवा होता. आणि दिवाणांची मुलगी म्हणून घरी आरामात बसता आलं असतं, त्या स्वातंत्र्याच्या चळवळीत जेलमध्ये गेल्या, घटना समितीत बसल्या. युनोच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' अर्थाचा शब्द होता तो बदलून 'सर्व मानव' करायला लावला तो पण ह्यांनीच. मराठी-गुजरातीचं म्हणाल तर बडोद्याच्या आधी त्या आपल्या कर्व्यांनी काढलेल्या महिला विद्यापीठाच्या व्हीसी होत्या, त्यांनी भाषा बघितली नाही, मग आपण का बघायची?

मांजलपूरकर
मी काकांच्या बाजूनं नाही पण ताई तुमच्याही नाही. होम सायन्सचं एवढं कौतुक मला पटत नाही. माझ्या आत्याला १९६६ ला एसएससीत गणितात चांगले मार्क होते, फिजिक्स करायचं होतं, घरातल्यांनी सांगितलं मुलीसाठी होम सायन्स आहे ना, तिथे जा. स्वयंपाक, शिवण, बालसंगोपन, म्हणजे फिरून परत घरातच. तिनं डिग्री घेतली पण ते सर्टिफिकेट कधी भिंतीला लावलं नाही. संधी वाढली म्हणता, तिची तर एक संधी त्या फॅकल्टीमुळेच गेली.

रावपुऱ्याची लेक
आत्याबाईंचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण आमच्याकडे उलटं झालं. १९७१ ला आईनं कॉलेजचं नाव काढलं तेव्हा आजोबा नाहीच म्हणत होते, होम सायन्स म्हटल्यावर त्यांना 'होम' तेवढंच ऐकू आलं आणि तयार झाले. आत गेल्यावर केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, डाएट सर्व्हे! तिचं जर्नल आहे माझ्याकडे, ब्राऊन कव्हर, कडा कुरतडलेल्या. एका पानावर वस्तीतल्या एका बाईनं आदल्या दिवशी काय खाल्लं ते लिहिलंय: सकाळी चहा, दुपारी बाजरीचा रोटला आणि मिरचीची चटणी, रात्री पुन्हा रोटला, आणि समोर आईच्या बारीक अक्षरात प्रोटीन, लोह, कॅलरीचे आकडे. खाली मॅडमनी लाल शाईत लिहिलंय, 'ही बाई गरोदर आहे का ते विचारलंस का?' आई दुसऱ्या दिवशी परत गेली विचारायला. रावपुऱ्याच्या घरातून वीस वर्षांची मुलगी एकटी वस्तीत, आजोबांना कळलं असतं तर! पुढे तिनं ३० वर्षं नोकरी केली ती ह्याच कामाची.

सुरसागर
फी भरायची कल्पना आवडली पण मुलगी निवडणार कोण? ओळखीपाळखीत जाऊ नये एवढंच.

वाडीवाले काका
जर्नलचं वाचून काल रात्री बायकोला सांगितलं, ती पण तिथलीच, मला कधी विचारावंसं वाटलं नाही की ती नक्की काय शिकली. वेगळ्या कार्यक्रमाला माझा विरोध अजून आहे, ११ मार्चलाच दोघांचे फोटो शेजारी ठेवा. फी मात्र भरा, मी ५००० देतो.

मांजलपूरकर
ताई, तुमच्या आईला शिकता आलं हे चांगलंच झालं पण दार उघडायला 'होम' शब्द लागला हीच माझी तक्रार आहे, ती मी मागे घेत नाही. फी भरायचीच असेल तर फिजिक्स किंवा मॅथ्सच्या मुलीची भरा.

रावपुऱ्याची लेक
मान्य, पहिली फिजिक्सचीच. आणि ३ जुलैला आत्याबाई बोलतील का? जे वाटतं ते बोलू देत, होम सायन्सच्या विरोधात सुद्धा.

मांजलपूरकर
विचारलं आत्ताच फोन करून. पंचाहत्तरी ओलांडलीय, गुडघे दुखतात, जिना चढवणार नाही म्हणाली. कार्यक्रम खालच्या हॉलमध्ये ठेवा, मी घेऊन येतो.