मदत हवी आहे: नॅनो घरी बॅटरी नीट दाखवतो, वावरात कायम 5.00 व्होल्ट

वावरातला_नॅनो (रावेर)
अर्जंट आहे. केळीच्या बागेत एक डबा बसवलाय. जमिनीचा ओलावा आणि थ्री फेज लाईट आली की नाही, हे एसेमेसने कळवतो. आर्डुइनो नॅनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), एसेमेस पाठवणारं सिम800एल मॉड्यूल, एक 18650 लिथियम सेल, वर छोटं सोलर पॅनेल. बाकी सगळं चालतं, फक्त बॅटरी चुकीची येते. सेलवरून 10 के चे दोन रेझिस्टर, मधला टॅप नॅनोच्या ए0 या मोजायच्या पिनला. घरी मीटर 3.9 दाखवत होता तेव्हा नॅनो 4.15 सांगायचा, म्हटलं चालेल. वावरात नेल्यापासून रोज 5.00. लिथियम सेलमध्ये 5 व्होल्ट असतात का कधी? परवा रात्री डबा बंद पडला. शेवटच्या एसेमेसमध्येही 5.00 च. रात्री लाईट आली, मला कळलं नाही, मोटर सुरू झाली नाही आणि ऐन निसवणीत बागेचं पाणी चुकलं. रेझिस्टर बदलले, नॅनो बदलला. कोड बरोबर आहे, तो मागू नका.

बॅटरी_आप्पा
व्होल्ट पाहून बॅटरी कधीच कळत नाही भाऊ. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांत आयुष्य गेलं माझं. टोपण उघडा, हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायचा) टाका. 1.260 च्या वर असेल तर भरलेली, 1.200 च्या खाली गेली की चार्जिंगला लावा.

सोल्डरवाला_धुळे
आप्पा, लिथियम सेलला टोपण नसतं. तो फोडायचा नाही, पेट घेईल.
धागाकर्ते, व्होल्टवरून टक्के काढायच्या भानगडीत पडूच नका. मॅक्स17048 चं मॉड्यूल (सेलचा चार्ज मोजणारी चिप) घ्या, आय2सी च्या दोन वायरींवर थेट टक्के देतं. माझ्या तीन प्रोजेक्टमध्ये तेच आहे.

तापीकाठ
मॉड्यूल नंतर. आधी सांगा, वावरात नॅनोला पॉवर कुठून दिली आहे? आणि घरी कुठून होती?

वावरातला_नॅनो
सेलवरूनच, अजून कुठून देणार? टीपी4056 या चार्जिंग बोर्डच्या आउटपुटवरून थेट 5 व्ही पिनला. घरी लॅपटॉपची यूएसबी होती, तेव्हा सेलची वायर फक्त रेझिस्टरला. याचा बॅटरी मोजण्याशी काय संबंध?

तापीकाठ
सगळा संबंध तिथेच आहे. नॅनोचा एडीसी (व्होल्ट मोजणारा भाग) स्वतःच्या पुरवठ्याशी तुलना करून आकडा देतो. पुरवठ्याइतके व्होल्ट आले की आकडा 1023. वावरात पुरवठा म्हणजे सेल, आणि ए0 वर त्याच सेलचा निम्मा भाग. सेल 4.2 वर असो की 3.5 वर, निम्मा तो निम्माच, आकडा 511-512 च येणार. तुमच्या कोडमध्ये 5.0 ने गुणून पुढे दुप्पट केलं असणार, म्हणून 5.00. मापात टाकलेला माल घटला तसं मापही घटत गेलं, तर काटा हलणार कसा?
घरचे 4.15 ही त्यातलेच. यूएसबीचे 5 व्होल्ट नॅनोवरच्या डायोडमधून जाताना 4.7 च्या आसपास उरतात, कोड मात्र 5 धरतो.

वावरातला_नॅनो
हो, 5.0 आणि मग गुणिले 2 च आहे. आत्ता आकडा पाहिला, 511.

भुसावळ_45डिग्री
मुद्दा वेगळा आहे पण सांगतो. डबा पत्र्याचा आहे का? उन्हात आहे का? आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच 45 होतं आणि लिथियम सेल 45 च्या वर चार्ज करू नये म्हणतात. पत्र्याच्या डब्यात विचारूच नका. माझे दोन सेल असेच फुगले. डबा खोडाच्या सावलीत, पॅनेल उन्हात असं करा.

सोल्डरवाला_धुळे
मॅक्स17048 ला नॅनोच्या पुरवठ्याचा काही फरक पडत नाही. म्हणून म्हणत होतो.

तापीकाठ
पडत नाही, मान्य. पण त्यांच्याकडे आहे त्यातच काम होतं. नॅनोवरच्या 328 चिपमध्ये 1.1 व्होल्टचा अंतर्गत रेफरन्स (न बदलणारं माप) आहे. उलटं करायचं: पुरवठ्याला माप धरून तो 1.1 मोजायचा. 1125300 ला (1.1 गुणिले 1023 गुणिले 1000) आलेल्या आकड्याने भागा, पुरवठा मिलिव्होल्टमध्ये मिळतो. पुरवठा म्हणजेच तुमचा सेल. दोन्ही रेझिस्टर काढून टाका, ते नुसते बसल्या जागी 0.2 मिलिअँपिअर पीत आहेत. चॅनेल बदलल्यावर पहिली काही रीडिंग फेकून द्या. आणि तो 1.1 प्रत्येक चिपमध्ये 1.0 ते 1.2 च्या मध्ये कुठेही असू शकतो, म्हणून एकदा मीटर लावून आकडा जुळवून घ्या.

सातपुडा
एवढं कशाला भो? सिम800एल सेलवरच आहे ना? त्याला एटी+सीबीसी कमांड द्या. उत्तरातला तिसरा आकडा म्हणजे त्याच्या पिनवरचे मिलिव्होल्ट.

तापीकाठ
चालेल, पण त्याच ओळीतल्या टक्क्यांवर जाऊ नका. आणि एसेमेस जाताना सिम800एल 2 अँपिअरपर्यंतचे झटके ओढतो, त्या क्षणी सेल खाली बसलेला दिसतो. मोजायचं ते पाठवायच्या आधी. पहाटे मोजा, दिवसा पॅनेल चार्ज करत असताना आकडा फुगलेला येतो.

बॅटरी_आप्पा
12 व्होल्ट 7 एएच लावा, दहा दिवस बघायचं काम नाही.

वावरातला_नॅनो
आप्पा, ती दुसऱ्या बागेत लावेन. इथे कोड बदलला. नॅनो 3.91, मीटर 3.88. मग 1125300 च्या जागी 1116700 टाकलं, आता दोन्ही सारखे. मी 3.0 ला शून्य आणि 4.2 ला शंभर टक्के धरतोय, ते ठीक आहे ना?

सोल्डरवाला_धुळे
नाही, तेच तर! त्या हिशोबाने 3.7 ला 58 टक्के येतात. विसावलेल्या सेलमध्ये तेव्हा त्याच्या निम्मेही उरलेले नसतात. लिथियमचा उतार मधे सपाट आहे आणि शेवटी कडा आहे. म्हणून मॅक्स17048.

तापीकाठ
यांना टक्के हवेतच कुठे? सेल कधी संपणार एवढं आधी कळलं की झालं. सिम800एल ला 3.4 च्या वर लागतात. पहाटेचं रीडिंग 3.65 च्या खाली आलं की इशारा पाठवा. शिवाय 16 मेगाहर्ट्झचा नॅनो 3.8 च्या खाली नियमाप्रमाणे चालेलच असं नाही, पुढच्या वेळी 8 मेगाहर्ट्झचा प्रो मिनी बोर्ड घ्या. आणि सेल 5 व्ही पिनला असताना यूएसबी कधीही लावू नका, लॅपटॉपचे 4.7 सरळ सेलमध्ये शिरतील.

वावरातला_नॅनो
ते माहीत नव्हतं. यूएसबीच्या तोंडावर आत्ताच चिकटपट्टी मारली, घरची पोरं लावतात. इशारा 3.75 ला ठेवला, वावर पाच किलोमीटर लांब आहे. आज लाईट रात्री बाराची आहे, डबा घेऊन निघालो.

भुसावळ_45डिग्री
पत्र्याचं सांगितलं नाहीत.

वावरातला_नॅनो
पत्र्याचाच आहे. उद्या बदलतो.