एनसी लिहून घरी पाठवतात, मग कायदा कोणासाठी?

कळव्याची_मीनल:
मामेबहिणीबद्दल लिहितेय. सासर कामोठ्याला, दोन मुलं. नवरा मारतो, आख्ख्या बिल्डिंगला माहितीये. मध्यंतरी तोंड सुजलेलं घेऊन पोलिसांकडे गेली तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतली, त्याला बोलावून समज दिली आणि दोघांना एकत्रच घरी पाठवलं, त्या रात्री काय झालं ते मी इथे लिहू शकत नाही. आता मुलांना घेऊन कळव्याला माहेरी आलीये. सासू म्हणते घर माझ्या नावावर आहे, परत पाऊल ठेवायचं नाही. तिने आत्ता काय करायचं? आणि कायदा असून हे होत असेल तर आपण आमदारांकडे नक्की काय मागायचं?

कोर्टवाली_ताई:
मीनल, आधी सरकारी हॉस्पिटलमध्ये जाऊन जखमांची नोंद करून घ्या, थांबू नका. नवऱ्याच्या क्रूरतेचा गुन्हा, आधी दंड संहितेतलं 498अ आणि आता भारतीय न्याय संहितेतलं कलम 85, बाईने स्वतः तक्रार दिली की दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी गुन्हा नोंदवायलाच हवा, एनसीवर बोळवण करायलाच नको होती. दुसरं, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती सध्या राहते तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो, म्हणजे ठाणे कोर्टात, सासरकडच्या पनवेल कोर्टात खेटे घालायला नकोत. घर सासूच्या नावावर असलं तरी ती तिथे नांदत होती ना, मग राहण्याचा हक्क मागता येतो, सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये हे स्पष्ट केलंय. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, बायकांचं उत्पन्न बघत नाहीत. रात्री-अपरात्री गरज पडली तर 112 (पोलीस) किंवा 181 (महिला हेल्पलाइन) लावा.

नेरुळकर_72:
हे सगळं पटतं, पण खोट्या केसेसचं काय? आमच्या ओळखीत एका म्हाताऱ्या आईवडिलांना उगाच गोवलं.

कोर्टवाली_ताई:
दादा, त्यांना त्रास झाला असेल, मी नाही म्हणत नाही. पण 2005 च्या कायद्यात अर्ज केला म्हणून कोणाला अटक होत नाही, आधी संरक्षण, घर, खर्च यांचे आदेश निघतात आणि संरक्षण आदेश मोडला तरच गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) मार खाल्लेल्या, अत्याचार सोसलेल्या 77 टक्के बायकांनी मदतही मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलंही नव्हतं. मला तरी जास्त काळजी या गप्प बसणाऱ्यांची वाटते.

ऐरोली_सेक्टर:
खरी गोची 2005 च्या कायद्याखाली सरकारने नेमायच्या संरक्षण अधिकाऱ्याची आहे. बाईचा घटना अहवाल तयार करणं, कोर्टात अर्जाला मदत, निवाऱ्याची सोय, सगळं कायद्याने त्याच्यावर टाकलंय आणि कित्येक ठिकाणी तोच माणूस बाकीच्या योजना सांभाळून हे काम करतो. कायदा लागू झाला 2006 ला आणि 2025 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाला राज्यांना सांगावं लागतं की जिल्हा-तालुका पातळीवर अधिकारी नेमा, याच्याहून लाजिरवाणं काय असतं! कायदा म्हणतो पहिली सुनावणी साधारण 3 दिवसांत, निकाल 60 दिवसांत काढायचा प्रयत्न करा, प्रत्यक्षात तारखाच तारखा. म्हणून आमदारांना मोघम निवेदन देऊच नका. विचारा की ठाणे जिल्ह्यात फक्त याच कामाचे पूर्णवेळ अधिकारी किती, 60 दिवसांच्या वर किती अर्ज पडलेत, निवारागृहाला बजेट किती, आणि हे अधिवेशनात विचारणार का ते लेखी द्या.

कळव्याची_मीनल:
ताई, उद्या सकाळीच हॉस्पिटलला नेते, मग विधी सेवावाल्यांकडे. तिला त्या घरात राहायला मिळू शकतं हे ऐकून ती कितीतरी दिवसांनी नीट जेवली. ऐरोलीवाले दादा, हेच प्रश्न पत्रात टाकून द्याल का? कळवा-विटाव्यातल्या बचत गटांच्या बायकांच्या सह्या मी आणते.