रि: एल्कसाठी गोळी कुठली घ्यावी?

ऑरोराहून:

नमस्कार मंडळी, आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या मेल-लिस्टवर हा शिकारीचा विषय जरा वेगळाय, सांभाळून घ्या. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या नादाने मी पण शिकारीच्या परवान्याच्या ड्रॉला अप्लाय केलं आणि चक्क काउ एल्कचा, म्हणजे त्या थोराड हरणाच्या मादीचा, टॅग (एक मारायची परवानगी) लागला, पहिला रायफल सीझन, इथल्या कॉलराडोतल्या मीकर गावाच्या वरच्या अंगाला. ती तिच्या वडिलांची थर्टी-ऑट-सिक्स रायफल देतीये. काल दुकानात गेले तर भिंतभर गोळ्या, १५०, १६५, १८० ग्रेन वजनाच्या, शिशाच्या, तांब्याच्या, आणि मी आपली मेडिकलमध्ये चिठ्ठी विसरून आल्यासारखी उभी. आपल्यात कोणी जातं का? आणि मी एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर आहे, त्याचा काही लफडा?

फोर्ट कॉलिन्सहून:

अगं वा, अभिनंदन! मी जातो दरवर्षी, फक्त मंडळात बोलत नाही, गणपतीला मोदक मीच वाढतो ना.

रायफल उत्तम आहे, १९०६ सालचं काडतूस, एल्क काय त्याला नवीन नाही. कॉलराडोचा नियम म्हणजे निदान .२४ कॅलिबर, ८५ ग्रेन आणि लागल्यावर फुलणारी गोळी. रेंजवरची स्वस्त फुल मेटल जॅकेट, म्हणजे अख्खी धातूने मढवलेली न फुलणारी गोळी, अजिबात नेऊ नकोस, कायद्याने बंदी आहेच, पण ती सुईसारखी आरपार जाते आणि जनावर कुठल्या कुठे जाऊन तडफडून मरतं. उलट फार पटकन फुटणारी घेतलीस तर खांद्याच्या हाडावरच चुरा. म्हणून बाँडेड घे, म्हणजे आतलं शिसं कवचाला पक्कं चिकटवलेली, किंवा नोस्लर पार्टिशन, १९४८ पासून आहे, मधे तांब्याची आडवी भिंत असते, पुढचा भाग फुलतो आणि मागचा आत घुसत राहतो. १८० ग्रेनची. गंमत सांगतो, १८० ग्रेन म्हणजे बरोब्बर एक तोळा, कंपनी सरकारचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा!

मी स्वतः आता तांब्याचीच वापरतो, १६५ पुरते कारण तिचं वजन झडत नाही. शिशाचे बारीक कण मांसात पार वीतभर लांब जातात, ते नातवंडांच्या ताटात नकोत, आणि मागे टाकलेली आतडी गरुड खातात.

पण खरं सांगू का, गोळीवर फार डोकं लावू नकोस. एकच प्रकार ठरव, तीन खोकी घे आणि रेंजवर जा. तिच्या वडिलांनी लावलेला झिरो, म्हणजे ठराविक अंतरावर नेम बरोब्बर बसावा म्हणून केलेली जुळणी, तुझ्या गोळीला लागू होईलच असं नाही. २०० यार्डावर लाव, म्हणजे ३०० वर साधारण वीतभर खाली पडेल, त्याच्या पुढे तू मारायचंच नाही. टेबलावर टेकून चार फैरी झाडल्या म्हणजे सराव नव्हे, बसून, गुडघ्यावर, दम लागलेला असताना मार.

पैसे बुटांवर घाल आणि आत्तापासून घालून फीर. मी एकदा नवे कोरे बूट घालून गेलो, दुपारपर्यंत दोन्ही टाचा सोललेल्या, आणि संध्याकाळी समोर काउ पडलेली. ९,५०० फुटांवर, अंधार पडलेला, कातडी काढताना हाताला ऊब लागते आणि वाफ हेडलॅम्पच्या उजेडात डोळ्यांपुढे येते, काही दिसत नाही. चाकू केसांनी दहा मिनिटांत बोथट होतो, बदलायच्या पात्यांचा ने. मग हाडं काढूनसुद्धा दीडशे पौंडांच्या आसपास मांस, गाडी दोन मैलांवर, तीन फेऱ्या, त्या टाचांवर! पिशव्या सुती न्यायच्या, आपण चक्का टांगतो तसल्या कापडाच्या, प्लास्टिकमध्ये मांस गुदमरून नासतं. मादी असल्याचा पुरावा मांसाला तसाच लागलेला ठेव, वाटेत वन्यजीव खात्याचा वॉर्डन बघतो. जीन्स नको. अंगावर ५०० चौरस इंच भगभगीत नारिंगी आणि डोक्यावर टोपीही तसलीच, गुलाबी पण चालतो.

ब्रूमफील्डहून:

ताई, एच-वन-बीचं मी सांगतो. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूकच काय गोळ्या जवळ ठेवायलाही फेडरल बंदी आहे, पण वैध हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते. लायसन्सची मुदत संपली की सूट संपली, म्हणजे उरलेलं खोकं कपाटात विसरायचं नाही. लायसन्सची प्रत कायम जवळ ठेवा आणि एकदा इमिग्रेशन वकिलाला विचाराच, ग्रीन कार्डच्या रांगेत असताना रिस्क कशाला.

लिटलटनहून:

फराळाच्या ऑर्डरी येतात त्या लिस्टवर आतडी आणि कातडी?! आमच्या घरी आजी मेल वाचतात. निदान विषयात 'शिकार' तरी लिहा.

फोर्ट कॉलिन्सहून:

चूक झाली वहिनी, पुढच्या वेळी नक्की लिहितो. आजींना नमस्कार.

लिटलटनहून:

आजी विचारतायत, मटणासारखंच शिजतं का आणि विकत मिळेल का.

फोर्ट कॉलिन्सहून:

विकायला बंदी आहे, पण भेट देता येतं. चरबी नसतेच, म्हणून तेल हात सैल सोडून घाला, कांदा-लसूण मसाला नेहमीसारखा, मटणापेक्षा दोन शिट्ट्या जास्त, काउ म्हातारी निघाली तर चार. डबा पाठवा.